बकासुरातली म्हातारी

६ जानेवारी २०२५

मितेश,

फोन केला असता. पण फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते, आणि ठेवल्यावर लक्षात येतं की मला जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. शिवाय फोनवर मला रडू येतं. म्हणून लिहिते आहे. पत्ता तन्वीकडून घेतला. तिला त्यावरून बोलू नकोस, बायकोने नवऱ्याचा पत्ता नणंदेला दिला यात गुन्हा नाही.

काल शाळेच्या मोठ्या वर्गात तुझ्या नाटकाचं वाचन झालं. भाई पोस्टातून निवृत्त झाल्यापासून मंडळ हाच त्यांचा संसार, तुला ठाऊक आहे. त्यांनी झेरॉक्स काढून प्रत्येकाच्या हातात दिल्या आणि उभं राहून सांगितलं, "आजवर माघी गणपतीक मीच कायतरी जोडून नाटक करी होतंय. औंदा आपल्याच गावच्या झिलान लिवलेला आसा. टीव्हीवर लिवता तेणां." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दरवर्षीप्रमाणे मी प्रॉम्प्टिंगला आणि कपडे शिवायला.

बकासुराचं नाटक. राजा भित्रा, प्रधान लाचखाऊ, बकासुर डाएटवर. लोकांनी खालून ओरडायचं आणि पात्रांनी वरून उत्तर द्यायचं ही आपल्या मंडळाची जुनी रीत तू सोडली नाहीस, ते मला आवडलं. पहिल्या प्रवेशाला मी पोट धरून हसले, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या प्रवेशात म्हातारी आली.

हरिश्चंद्र वाचत होता. दिवसभर चिऱ्यांवर गवंडीकाम करून तो तालमीला येतो आणि मंडळाच्या नाटकांतली सगळी बायकांची कामं अजून तोच करतो. म्हातारी वेशीवर बसलेली. येणाऱ्या प्रत्येक बैलगाडीला हात करते आणि मुलगा आला का म्हणून विचारते, "माझो झील इलो काय रे?" त्यापुढे तू कंसात लिहिलं आहेस, प्रेक्षकांकडून वदवून घेणे, 'येता, येता'. मग म्हातारी खूश होऊन घरी पळते, भाताला जास्तीचे तांदूळ टाकते, आणि पुन्हा वेशीवर. दरवेळी तिचं काहीतरी बिघडलेलं. एकदा पोलकं उलटं. एकदा एकाच पायात चप्पल.

उलटं पोलकं, मितेश. एकाच पायात चप्पल.

दिवाळीत तुला मी विहिरीकडे जाऊन फोन केला होता, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. तेव्हा सांगितलं होतं की ती रोज संध्याकाळी कुडाळच्या गाडीच्या वेळी थांब्यावर जाते. गाडी थांबली की कंडक्टरला विचारते. डॉक्टर म्हणाले आहेत की हे विसरणं आता वाढतच जाणार. मी तुझ्याकडे एकच मागत होते. एक तर ये, नाहीतर फोनवर तिला 'येतंय हां आये, ह्या शनवारी' असं म्हणू नकोस. कारण तिला आता रोजच शनिवार वाटतो. बाबांच्या वर्षश्राद्धानंतर तू आलेला नाहीस, आणि प्रत्येक फोनला तुझा शनिवार असतोच.

तू विचारलंस, "मगे कंडक्टर काय म्हणता?"

मी म्हटलं, "काय म्हणतलो बिचारो. येता येता म्हणता."

मग तू विचारत राहिलास. चप्पल एकच कशी घालते, पोलकं उलटं असलं तर तिला कळतं का, परत आली की काय करते. मला वाटलं, माझा भाऊ इतक्या वर्षांनी आईची नीट चौकशी करतो आहे. मी सगळं सांगितलं, भातात जास्तीचे तांदूळ टाकते तेसुद्धा. त्या रात्री मला बरी झोप लागली होती.

काल वर्गात सगळे हसत होते आणि मग एकेकाने माझ्याकडे बघायला सुरुवात केली. हसणं थांबलं असं नाही. तोंडावर हात ठेवून हसू लागले. हरिश्चंद्र तेवढा वाचता वाचता अडखळला. मी प्रॉम्प्टर, मीच त्याला पुढची ओळ दिली.

ती म्हातारी काढून टाक. भाईंशी बोलले, ते म्हणतात लेखकाला विचार. म्हणून विचारते आहे. तिच्या जागी दुसरं काहीही घाल. तुला सुचेल.

आई बरी आहे.

ताई

१९ जानेवारी २०२५

मितेश,

पत्र पोचलं असणार, कारण उत्तर आलं. मला नाही, भाईंना आलं. तुझा आवाज त्यांनी तालमीत मोबाईलवर सगळ्यांना ऐकवला.

"ताईक समजवा. ती काय आमचीच आवस नाय, ती सगळ्या गावांची आवस आसा. आज घराघरातलो झील मुंबैक आसा. लोकां आधी हसतली, मगे रडतली. तेच्यासाठीच लिवलंय मी."

भाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. बकासुर करणारा दीपेश म्हणाला, "काय बोललो." मी राजाच्या अंगरख्याला जरीची पट्टी लावत बसले होते, मान वर केली नाही. पण तुला विचारायचं राहिलं ते इथे विचारते. ती सगळ्या गावांची आई असेल, तर तिचं पोलकं आमच्याच घरातलं का?

शेवटी तू म्हणालास, "आणि नाटकाक मी सवता येतंय." त्यावर जी काही धमाल उडाली ती तू ऐकायला हवी होतीस. भाईंनी दुसऱ्या दिवशी बॅनर करायला टाकला. तुझा फोटो बकासुराहून मोठा. सत्कार, शाल, श्रीफळ. आणि मी कापड आणायला कुडाळच्या बाजाराला गेले असताना भाई घरी येऊन आईला सांगून गेले, "वैनी, तुमचो मितेश येता हां एक तारखेक."

मी परतले तर आईने तुला शिरवाळ्या करून घालायच्या म्हणून तांदूळ भिजत घातले होते. एक तारखेला अजून बरेच दिवस होते. ते तांदूळ मी काढून घावने केले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजत. आता मी काढत नाही. आम्ही रोज घावने खातो. दिवसभर विचारते, "आज शनवार मगो?" मी नाही म्हटलं तरी थोड्या वेळाने पुन्हा विचारते. खळं एकदा सारवून झालं, तरी परत शेण आणायला निघाली होती.

हरिश्चंद्राचंही सांगते. तुझ्या नाटकात लिहिलंय, म्हातारीची चाल खास हवी, मान विशिष्ट तऱ्हेने हलते. भाईंनी त्याला सांगितलं, कशाला शोधत बसतोस, थांब्यावर जाऊन बघून ये. तो गेला. कामावरून सुटून तसाच, अंगावर सिमेंट घेऊन, थांब्याच्या बाकावर आईशेजारी बसला. तिथून सरळ माझ्याकडे आला. मी मशीनवर होते. दारातच उभा राहिला.

"रसिका, मी तां काम करूचंय नाय."

"कित्या?"

"तिणां माका इचारल्यान, तुझी आवस खंय आसा. मिया सांगितलंय, गेली. तर माझ्या डोक्यावरसून हात फिरवल्यान." थोडा वेळ तो पायानेच उंबऱ्याजवळची माती सारखी करत राहिला. "मी तिची मान कशी हलता तां बघूक गेल्लंय गो."

मला त्या वेळी त्याला म्हणता आलं असतं, नको करू. पण तो सोडणार तर ते काम दीपेशच्या भावाकडे जाणार होतं. त्याने शाळेच्या अंगणात आईची नक्कल करून दाखवलीच होती, लोकांनी शिट्ट्याही दिल्या होत्या. मी हरिश्चंद्राला म्हटलं, "तूच कर. दुसऱ्यान केला तर माका बघवाचा नाय."

मग म्हणाला, "पोलका सरळ घालतलंय. आणि चपला दोनय पायात."

तेवढं त्याच्यासाठी मी शिवते आहे. साधं, खणाचं, नीट मापाचं.

आईला नाटकाला न्यायचं नाही असं मी ठरवलं आहे. शेजारची विमलाकाकी त्या वेळी तिच्याजवळ थांबेल. तू खरोखरच येणार असशील तर आधी घरी ये. तिला पहिल्यांदा मांडवात, माईकसमोर भेटू नकोस. इतकं एक ऐक. बाकी तुझं नाटक तुला लखलाभ.

ताई

३ फेब्रुवारी २०२५

मितेश,

तू आला नाहीस.

कारण सांगू नकोस. भाईंनी ते माईकवर सगळ्या गावाला सांगितलं आहे. शूटिंग पुढे ढकलता आलं नाही, निर्माते ऐकेनात, आणि मितेशचं मन मात्र इथेच आहे. तुझं मन मांडवात कुठल्या खुर्चीवर बसलं होतं ते मला दिसलं नाही.

आईला घरी ठेवणं मला जमलं नाही. सकाळपासून तिने ती निळी साडी नेसून ठेवली होती. मी म्हटलं, आये, तू घराक रव, तो हंयच येतलो. ती म्हणाली, "माझ्या झिलाचा नाटक आसा. माका जावक व्हया." किती दिवसांनी तिच्या तोंडून एक गोष्ट सरळ आली होती. तिला मी काय म्हणून कोंडून ठेवू? तोवर मला वाटत होतं की तू वाटेत असशील. भाईंना तुझा निरोप सकाळीच आला होता, पण त्यांनी तो लपवून ठेवला. लोक यायचे नाहीत म्हणून.

पहिल्या रांगेत तिच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची होती, पाठीवर कागद चिकटवलेला, 'लेखकाच्या मातोश्री'. शेजारी विमलाकाकी. पोरांना आणि म्हाताऱ्यांना बघता यावं म्हणून भाईंनी औंदा नाटक संध्याकाळीच ठेवलं होतं, त्यामुळे मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. आधी पांढऱ्या पडद्यावर तुझा व्हिडिओ दाखवला. देवळाच्या दाराएवढं तुझं तोंड. तू हात जोडून म्हणालास, "माझ्या आयेक माझो नमस्कार." मी विंगेतून आईकडे बघत होते. ती विमलाकाकीला म्हणाली, "केवढो झालो गो." मग पडदा गुंडाळला तेव्हा मान वाकडी करून मागे बघत होती, तू कुठे गेलास म्हणून.

नाटक चांगलं झालं, हे तुला सांगितलं पाहिजे. म्हणजे जेवढं झालं तेवढं. राजाला लोकांनी खालून इतक्या शिव्या घातल्या की त्याला हसू आवरेना. दीपेशचा बकासुर काकडी खायला लागला तेव्हा पोरं खुर्च्यांवर चढली.

मग हरिश्चंद्र आला. सरळ पोलकं, दोन्ही पायांत चपला. चाल वगैरे काही केली नाही. येऊन नुसता बसला. तरी मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि ते हसू पुढच्या रांगांपर्यंत आलं, कारण सगळ्यांना माहीत होतं. त्याने हळूच विचारलं, "माझो झील इलो काय रे?" भाईंनी विंगेतून माईकवर सुरुवात करून दिली आणि सगळा मांडव ओरडला, "येता, येता."

आई वळून रस्त्याकडे बघायला लागली.

दुसऱ्या वेळी ती अर्धी उठली. विमलाकाकीने हात धरून बसवली. तिसऱ्या वेळी लोक त्याने विचारायच्या आधीच ओरडले. आणि आता ते रंगमंचाकडे बघत नव्हते, आईकडे बघत होते. ती वळली की हसायचे. मागचे लोक तिला बघायला उभे राहिले. मी विंगेतून भाईंना म्हटलं, पडदा पाडा. ते म्हणाले, "गप रव, काय रिस्पॉन्स आसा बघ."

विमलाकाकी काय करणार, तिचं वय तरी काय. आई हात सोडवून उठली आणि बाजूच्या लाकडी पायऱ्यांनी वर चढली. कोणी अडवलं नाही. सगळ्यांना वाटलं नाटकातच आहे. ती हरिश्चंद्रापाशी गेली, वाकून त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि माईक वरून टांगलेला असल्यामुळे तिचं बोलणं सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

"बाये, माझो पण येवचो आसा. हंय बसान कळाचा नाय. चल, आपण दोघी वांगडाच जावया."

आणि तिने त्याचा हात धरला.

हसण्याचा एवढा मोठा आवाज मी आपल्या मांडवात कधी ऐकला नव्हता. टाळ्या, शिट्ट्या. हरिश्चंद्र बसूनच होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी नाटकाचे कागद हातात धरून उभी होते, पुढची ओळ मला तोंडपाठ होती, आणि ती त्याला द्यायला माझं तोंड उघडलं नाही. मग तो उठला. आईचा हात तसाच धरून पायऱ्या उतरला, आणि दोघं माणसांमधून वाट काढत निघाली. तो साडीत, डोक्यावर खोटा अंबाडा, आणि आई निळ्या साडीत त्याच्या पुढे. लोक बाजूला सरून वाट देत होते आणि अजून ओरडत होते, "येता, येता."

भाई मला म्हणाले, "अगो, आता म्हातारी कोण करतला?"

मी कागद त्यांच्या हातात दिले आणि मांडवाबाहेर पडले.

दोघं थांब्यावर जाऊन बसली होती. शेवटची गाडी केव्हाच निघून गेली होती. तिथे काय झालं ते मी तुला सांगणार नाही. ते तू लिहिलेलं नव्हतंस, आणि तुला लिहायलाही मिळणार नाही.

तिला घरी आणलं. मागून कळलं की भाईंनी स्वतःच डोक्यावर पंचा घेऊन म्हातारी पुरी केली. शेवटच्या प्रवेशात तिचा मुलगा येतो, बकासुराला मारतो, म्हातारी त्याला केरसुणीने बडवते. टाळ्या पडल्या म्हणे. तुझ्या नाटकातला तरी आला.

रसिका

४ मार्च २०२५

मितेश,

पुन्हा लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण काल भाईंनी येऊन सांगितलं की तू सोळा तारखेला येतो आहेस, आणि कसा येतो आहेस तेही सांगितलं.

व्हिडिओ मी पाहिला. विमलाकाकीच्या सुनेने दाखवला. कोणी काढला ते माहीत नाही, अर्ध्या गावाचे मोबाईल वर होते. आई पायऱ्या चढते तिथपासून मांडवाबाहेर जाते तिथपर्यंत. तू तो तुझ्या पानावर टाकलास आणि वर लिहिलंस, 'माझी आई, माझं पहिलं विद्यापीठ'. खाली लोकांनी रडण्याची चित्रं टाकली आहेत. तुला दिसलं का माहीत नाही, त्यात मीही आहे. कोपऱ्यात, विंगेत, हातात कागद. मला तर वाटलं कोणीतरी अनोळखी बाई उभी आहे.

इथे काय झालं ते ऐक. आई दुकानावर निघाली की रस्त्यावरची पोरं ओरडतात, "येता, येता." ती थांबून त्यांना म्हणते, "बरा हां बाबांनो." एकदोघांच्या घरी जाऊन मी बोलले. त्यांच्या आया म्हणाल्या, पोरां ती, नाटकातला बोलतत. हरिश्चंद्राने मंडळ सोडलं. भाई आमच्याशी बोलेनासे झाले होते, ते काल बोलायला आले, कारण तुझं काम होतं.

तर भाईंनी सांगितलं ते असं. एका चॅनेलला ही गोष्ट पाहिजे आहे. तू कुडाळ स्टेशनला उतरणार. पुढे एसटीने येणार, तुझी माणसं आधीच थांब्यावर कॅमेरे लावून बसणार. आई गाडीला विचारणार, माझो झील इलो काय, आणि तू खाली उतरणार. आणि मग नाटक मुंबईला न्यायचं आहे, त्यात ते घालणार, प्रेक्षकांतली एक बाई उठून वर येते ते. त्यासाठी कोणी नटी बघितली आहेस म्हणे. भाई मला म्हणाले, "तू फक्त त्या दिवशी वैनीक साडी बरी नेसव."

म्हणून थांब्यावर काय झालं ते सांगावं लागतं आहे. सांगितलं नाही तर तू येशील.

मी पोचले तेव्हा दोघं बाकावर बसली होती. मी मागे झाडापाशी उभी राहिले. हरिश्चंद्राचा अंबाडा एका बाजूला कलला होता आणि आई त्याचा पदर खांद्यावर नीट करून देत होती. मांडवातला आवाज तिथपर्यंत येत होता. मग तो बोलला. स्टेजवर काढतो तो बायकी आवाज नव्हे, पण त्याचा स्वतःचाही नव्हे.

"बाये, तुझो झील येवन गेलो मगो."

आई म्हणाली, "कधी?"

"दोपारी. तू निजलेलंस. घराक इलो, जेवलो. तुका उठवल्यान नाय. परतीची गाडी होती, गेलो."

मी पुढे व्हायला पाय उचलला होता. खोटं होतं ते. पण आईने विचारलं, "जेवलो बरो?" आणि मी तिथेच थांबले.

"दोनदा भात घेतल्यान."

"बारीक झालो हां?"

"नाय गो. बरो आसा."

आईने मोठा श्वास सोडला. पाठ मागे टेकली. त्या बाकावर ती रोज बसते, पण पाठ टेकून बसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. मग ती त्याला म्हणाली, "आणि तुझो?"

हरिश्चंद्राला मूल नाही, तुला माहीत आहे. आईने त्याच्या मांडीवर थोपटलं आणि म्हणाली, "येतलो, येतलो. असो धीर सोडू नको." आणि उठून घरी निघाली. स्वतःहून. आम्ही दोघं तिच्या मागून.

त्या दिवसापासून ती थांब्यावर गेलेली नाही. कधी संध्याकाळी चपला घालते, मी म्हणते, "आये, तो येवन गेलो मगो." ती आठवायला बघते आणि चपला काढते. मग विचारते, "माझ्याकडे काय बोललो?"

पहिल्या दिवशी मला काही सुचलं नाही. म्हटलं, बरा बोलला. आता रोज थोडं थोडं सांगते. पाया पडला. तुझ्या गुडघ्यांना तेल चोळून दिलं. बांगड्याचं तिखलं मागून घेतलं. माझ्या मशीनचा पट्टा तुटला होता, तो बसवून दिला. माझ्यापाशी बसला आणि म्हणाला, ताई, तू एकटी किती करतेस. हे शेवटचं आईसाठी नव्हतं, तोंडातून निघून गेलं. आई म्हणाली, "तो आसाच तसो."

तो मितेश घाईत नसतो. कोणाचं ऐकून घेतो ते कुठे नेत नाही. त्याच्याशी आमचं बरं चाललं आहे.

तेव्हा सोळा तारखेला येऊ नकोस. आलास तरी आम्ही इथे नसू. मी आईला घेऊन वालावलला मावशीकडे जाते आहे, हरिश्चंद्र रिक्षा करून सोडणार आहे. घराला कुलूप असेल. थांब्यावर तुझी माणसं असतील, बॅनर असेल, भाई असतील. त्यांनी विचारलं तर काय सांगायचं ते तू बघ.

एरवी कधी, कॅमेऱ्याशिवाय, साधा ये, असं लिहायला लागले होते. लिहून खोडलं. आलास तर तिला काय सांगू, हा कोण म्हणून? तिचा मुलगा येऊन गेला आहे.

काल संध्याकाळी ती खळ्यात बसली होती. वळणावर कुडाळच्या गाडीचा हॉर्न वाजला. मी शिवण थांबवून तिच्याकडे बघत राहिले. ती हलली नाही. शेंगा सोलत होती, सोलत राहिली. मला राहवलं नाही. विचारलं, "आये, मितेश परत इलो तर?"

तिने मान वर केली.

"परत कित्याक?" ती म्हणाली. "गेलो तां बरा झाला. वाट बघून बघून माझे पाय दुखाक लागलेले."

रसिका